चाल उसनी, पण नाव कुणी पुसलं?

गेल्या वर्षी जयंतीच्या आधी आमच्या वस्तीतली पाच पोरं सोलापुरातल्या एका गायन स्पर्धेत उतरली. एक गिटार, एक बेंजो, एक हलगी, ड्रमसेटला पैसे नव्हते म्हणून बसून वाजवायची लाकडी पेटी, आणि एक गाणारा. वामनदादा कर्डकांचं एक गीत त्यांनी रॉकच्या ढंगात बसवलं होतं. महिनाभर समाजमंदिरात सराव चालला होता. चाल मात्र जुनीच, वामनदादांच्या काळातल्या एका हिंदी सिनेमाच्या गाण्यावरून घेतलेली.

परीक्षकांनी ऐकून घेतलं आणि माईकवर सांगितलं, "आवाज चांगला आहे, मेहनत दिसते. पण चाल उचललेली आहे. पुढच्या वेळी स्वतःचं काहीतरी घेऊन या." सभागृह हसलं. पहिलं बक्षीस मिळालं ते लेड झेपेलिन या इंग्रजी बँडचं 'होल लॉटा लव्ह' हे गाणं सुरासुराला तसंच्या तसं वाजवणाऱ्या मुलांना. त्यांना कुणी विचारलं नाही, की बाबांनो, हे तुमचं स्वतःचं आहे का?

पोरं गप्प परतली. दोन दिवसांनी त्यातल्या एकानं आम्हाला विचारलं, "दादा, खरंच आपलं स्वतःचं काहीच नाही का?"

बक्षीस गेल्याचं दुःख आम्हाला नाही. पण बाबासाहेबांचा फोटो छातीवर लावून फिरणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या मनात हा प्रश्न कुणीतरी पेरला, याचा संताप आहे. म्हणून हा लेख. परीक्षकांना उत्तर द्यायचं आहेच, पण त्याहून जास्त आपल्याच माणसांशी बोलायचं आहे. कारण या प्रकरणात एक चोरी खरोखर झालेली आहे. ती कुठे झाली, हे मात्र आपण चुकीच्या जागी शोधतो आहोत.

बाबासाहेबांवरही हाच आरोप होता

4 नोव्हेंबर 1948 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेपुढे मसुदा मांडला. तेव्हा टीकाकारांचं म्हणणं काय होतं? यात नवीन काय आहे, हे इकडून तिकडून उचललेलं आहे, 1935 च्या कायद्यातली कलमंच्या कलमं यात आली आहेत. बाबासाहेबांनी ते नाकारलं नाही आणि सारवासारवही केली नाही. त्यांनी सरळ सांगितलं, की उसनं घेण्यात लाज वाटावी असं काही नाही, ती वाङ्मयचोरी नव्हे, आणि संविधानाच्या मूलभूत कल्पनांवर कुणाचा मालकी हक्क नसतो. खंत कसली, तर 1935 च्या कायद्यातून जे घ्यावं लागलं ते बहुतेक प्रशासनाच्या तपशिलाचं होतं याची.

आता दुसरी तारीख घ्या. 3 ऑक्टोबर 1954. आकाशवाणीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट केलं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाहीत, ती आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत.

ही दोन भाषणं शेजारी ठेवून वाचा. उसनं घेणं ही लाज नाही. पण ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव सांगितलंच पाहिजे, आणि ते चुकीचं सांगितलं जात असेल तर दुरुस्त केलं पाहिजे. गाण्यालाही हाच न्याय लावायचा. चाल कुठून आली हा गौण प्रश्न आहे. नाव कुणाचं लागलं, पैसा कुणाच्या खिशात गेला आणि विचार शिल्लक राहिला का, हे खरे प्रश्न आहेत.

बक्षीस मिळालेल्या गाण्याची वंशावळ

परीक्षकांना जे गाणं 'ओरिजिनल' वाटलं, त्याची वंशावळ आधी तपासू.

'होल लॉटा लव्ह' 1969 साली 'लेड झेपेलिन टू' या अल्बममध्ये आलं. खाली नावं बँडच्या चौघा गोऱ्या पोरांची. पण त्यातले बरेचसे शब्द आणि गाण्याचा गाभा हा विली डिक्सन या कृष्णवर्णीय गीतकाराचा होता. डिक्सन मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचे. गुलामगिरी कायद्यानं संपली होती, पण वेगळे नळ, वेगळे डबे आणि वेगळ्या शाळा चालूच होत्या, तो हा मुलूख. पुढे शिकागोत येऊन ते गाणी लिहू लागले. त्यांचं 'यू नीड लव्ह' हे गाणं मडी वॉटर्स यांच्या आवाजात 1962 साली रेकॉर्ड झालं. त्यातली गिटार अर्ल हूकर या दुसऱ्या कृष्णवर्णीय वादकाची. हूकरनं आधी वाजवून ठेवलेल्या संगीतावर नंतर वॉटर्स यांचा आवाज चढवलेला होता. म्हणजे ज्याला मूळ म्हणायचं, तेही एकट्याचं नव्हतं.

मग 1966 साली इंग्लंडमधल्या 'स्मॉल फेसेस' या बँडनं ते गाणं आपल्या ढंगात घेतलं आणि आपल्याच नावावर लावलं. त्यांच्याकडून ते पुढे लेड झेपेलिनकडे सरकलं. त्यांनी त्याला असा गिटारचा तुकडा जोडला, की आज जगभरची पोरं तो ओठांनी वाजवतात. ते त्यांचं कर्तृत्व आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. पुढे कार्यक्रमांत तर हे गाणं वीस-वीस मिनिटं चालायचं. मध्येच जुनी ब्लूज गाणी घुसवायची, समोरच्या गर्दीचा अंदाज घेत ताणायचं, पुन्हा मूळ ठेक्यावर यायचं. प्रत्येक रात्री गाणं थोडं वेगळं. आपल्याकडे रात्रीच्या कार्यक्रमात गायक पब्लिक बघून कडवं वाढवतो, अगदी तसंच.

1985 साली विली डिक्सन कोर्टात गेले. 1987 मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली, आणि त्यानंतर गाण्याखाली डिक्सन यांचं नाव लागू लागलं. गाणं जग जिंकून झाल्यावर जवळजवळ दोन दशकांनी!

इथे गुन्हा कोणता? चाल घेतली, शब्द घेतले, हा गुन्हा नाही. डिक्सन स्वतःही ब्लूजच्या शेकडो अनामिक गायकांच्या खांद्यावर उभे होते. गुन्हा हा, की ज्याच्याकडून घेतलं तो जिवंत होता, गरीब होता, काळा होता, आणि त्याचं नाव पुसलं गेलं.

उसनवारीत आणखी एक गोष्ट घडते, तीही पाहून ठेवा. 'हाऊंड डॉग' हे गाणं 1952 साली दोन तरुण गोऱ्या गीतकारांनी बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेसाठी लिहिलं. एक बाई आपल्या जिवावर जगणाऱ्या ऐतखाऊ पुरुषाला घराबाहेर काढते, असं ते ठसक्याचं गाणं. पुढे लास वेगासच्या एका बँडनं त्याचे शब्द बदलून ते विनोदी केलं. एल्विस प्रेस्लीनं ते तिथे प्रत्यक्ष ऐकलं, आणि 1956 साली तेच रूप घेऊन तो जगप्रसिद्ध झाला. बाईचा राग गेला, कुत्र्यावरची गंमत उरली. चाल राहिली, नाचायला ठेका राहिला, जीव मात्र निघून गेला. हे उदाहरण लक्षात असू द्या, आपल्या मिरवणुकीपाशी आल्यावर ते लागणार आहे.

आपल्याकडे कुणी कुणाकडून घेतलं?

"ते अमेरिकेचं झालं. मराठी संगीताची परंपरा शुद्ध आहे," असं म्हणणारे असतातच. तर मराठी परंपरेकडेही जाऊ.

1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' आलं. त्यात कीर्तनातल्या साक्या आणि दिंड्या आहेत. 1911 च्या 'मानापमान'मध्ये गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली आणल्या. ते गाणं कोठ्यांवर गाणाऱ्या बायांनी घडवलं आणि जपलं होतं. 1916 च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखले यांनी कितीतरी पदं आधीच्या बंदिशींवर बांधली. याला काय म्हणतात? 'अमुक बंदिशीवर आधारित रचना'. आणि वामनदादांनी सिनेमाच्या चालीवर गीत लिहिलं, की ती 'उचललेली चाल'! एकच कृती आहे, पण करणाऱ्याची जात बदलली की नाव बदलतं. याला आम्ही सांस्कृतिक ब्राह्मण्य म्हणतो.

थेट आपल्या सोलापूरचंच उदाहरण घ्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावात ब्राह्मणाच्या घरी राम जोशी जन्मले. तमाशाचा नाद लागला म्हणून घरातून बाहेर पडावं लागलं, फडात राहिले, लावण्या रचल्या, मोठे शाहीर झाले. त्यांच्या प्रतिभेबद्दल आम्हाला आदरच आहे, जात सोडून फडात जाण्याची हिंमत त्यांनी दाखवली. 1947 साली त्यांच्यावर 'लोकशाहीर रामजोशी' हा सिनेमाही निघाला. पण ज्या फडात ते शिकले, तिथले ढोलकीवाले, तुणतुणेवाले, झीलकरी, नाचणाऱ्या बाया, ज्यांच्या पिढ्यांनी तो ठेका घडवला, त्यांची नावं कुणाला माहीत आहेत? उसनवारी दोन्हीकडून झाली. इतिहास मात्र एका बाजूचा लिहिला गेला.

आपण घेतलं आणि काय केलं?

महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीनं तमाशाचा ढाचा घेतला आणि त्यातून सत्यशोधक जलसा उभा राहिला. त्यातूनच पुढे आंबेडकरी जलसा आला. 1930 च्या दशकात नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार गावोगाव जलसे करत होते. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचे, असं बाबासाहेब म्हणत, ही आठवण चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. जलशानं गण, सवाल-जवाब, वग हे सगळं ठेवलं, आत माल मात्र नवा भरला. देवाच्या स्तुतीच्या जागी माणसाचा हक्क आला. जी मंडळी गावकीत हलगी वाजवायला बांधलेली होती, ती स्वतःच्या सभेसाठी डफ वाजवू लागली.

अण्णाभाऊ साठे यांनीही तेच केलं. गणात देवाऐवजी मायभूमीला आणि श्रमिकांना वंदन केलं, गौळण काढून टाकली. 'माझी मैना' ही त्यांची छक्कड पाहा. प्रकार लावणीचा, विषय विरहाचा, मुंबईला पोटासाठी आलेला माणूस गावाकडच्या बायकोसाठी झुरतो. आणि बघता बघता ते संयुक्त महाराष्ट्राचं गाणं होतं, तुटलेल्या सीमाभागाची वेदना होतं. शृंगाराचा साचा घेऊन त्यातून एवढी मोठी राजकीय गोष्ट सांगणं, याला चोरी म्हणणाऱ्याचे कान तपासले पाहिजेत. ही शाहिरी ज्यांनी मैदानामैदानांत गर्जून पोहोचवली ते शाहीर अमर शेख आपल्या बार्शीचे. मांगवाड्यात जन्मलेले अण्णाभाऊ आणि मुसलमान घरातले अमर शेख एका कलापथकात, एका डफावर गात होते. गाणं असं प्रवास करतं.

आणि वामनदादा! जन्म 15 ऑगस्ट 1922, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. अक्षरं शिकले ते मोठेपणी, मुंबईत कष्ट करताना. त्यांची सुरुवातच सिनेमाच्या गाण्याच्या विडंबनापासून झाली असं सांगतात. पुढे हजारो गीतं लिहिली, गावोगाव पायपीट केली. त्यांनी सिनेमाची चाल का घेतली? संगीत येत नव्हतं म्हणून नव्हे. ज्या माणसासाठी लिहायचं तो निरक्षर होता, दिवसभर राबून आलेला होता. त्याला चाल आधीच पाठ असेल तर त्याचं सगळं लक्ष शब्दाकडे जातं. पहिल्या कडव्यानंतर कोरस आपोआप उचलला जातो, सकाळी गाणं विहिरीवर पोहोचतं. छापखाना नाही, रेडिओ नाही, वर्तमानपत्र आपलं नाही. अशा वेळी चाल म्हणजे आपली एस.टी. होती. गाडी महामंडळाची असेल, आत बसलेला विचार आपला होता.

बायांनी तर याच्याही आधी, याच्याहून शांतपणे हे केलं. जात्यावरच्या ओव्यांचा जो मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकारानं झाला आणि आज 'पारी'वर ऐकायला मिळतो, त्यात बाबासाहेबांवरच्या कितीतरी ओव्या आहेत. ज्या चालीवर राम-सीता गायची, त्याच चालीवर, तेच जातं ओढत बाईनं भीमराव आणि रमाई गायली. तिनं चाल बदलली नाही, दैवत बदललं. धर्मांतराचा याहून मोठा सांस्कृतिक पुरावा आम्हाला माहीत नाही.

मोठ्यांचा 'प्रभाव', आपला 'गुन्हा'

आपण उसनं घेतलं की किती महाग पडतं, तेही बघा. 31 डिसेंबर 2017 च्या एल्गार परिषदेनंतर जी फिर्याद झाली, तिच्यात कबीर कला मंचाच्या सादरीकरणातल्या ओळी भडकाऊ म्हणून आल्या. त्या ओळी कुठल्या? बर्टोल्ट ब्रेख्त या जर्मन नाटककाराच्या नाटकावरून घेतलेल्या. ब्रेख्तची नाटकं या देशात मोठमोठ्या नाट्यगृहांत झाली, विद्यापीठांत शिकवली गेली, तेव्हा ती जागतिक रंगभूमी होती. आपल्या पोरांच्या तोंडी आली आणि पुरावा झाली. 2020 साली सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप यांना अटक झाली.

मे 2015 मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. निमित्त काय, तर मोबाईलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन. म्हणून म्हणतो, भीमगीत ही आपल्यासाठी हौस नाही. लोकांनी त्यासाठी तुरुंग पाहिला आहे, जीव गमावला आहे. 11 जुलै 1997 ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली, आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवलं. असं रक्त लागलेल्या गाण्याला कुणी 'स्वतःचं काहीतरी आणा' म्हणणार असेल, तर त्याला आधी हा इतिहास वाचायला दिला पाहिजे.

नाव पुसण्याचा उद्योगही संपलेला नाही. 2021 साली 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणं कोट्यवधी लोकांनी ऐकलं. ते लिहिलं आणि गायलं अरिवू या आंबेडकरी रॅपरनं. त्यात त्याच्या आजीचं, चहाच्या मळ्यांत राबलेल्या पूर्वजांचं जगणं आहे. त्याच वर्षी एका नामांकित संगीत मासिकानं या यशावर मुखपृष्ठ काढलं, त्यावर अरिवू नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीरपणे जाब विचारला. विली डिक्सन यांना सोळा वर्षांनी कोर्टात जावं लागलं. अरिवूच्या बाजूनं लगेच आवाज उठला, कारण तिथे चळवळ जागी होती.

आता आपल्या मिरवणुकीकडे वळू

इथपर्यंत वाचून टाळ्या वाजवल्या असतील, तर आता थोडं कडू ऐका.

जयंतीच्या मिरवणुकीत पार्क चौकात उभे राहा आणि कान देऊन ऐका. प्रत्येक मंडळाचा डीजे. भीमगीताचा मुखडा वाजतो, मग भोंगा, मग छाती दणाणणारा बेस, पुन्हा तोच मुखडा, पुन्हा भोंगा. कडवं येतच नाही. अंतरा सुरू व्हायच्या आत पुढचं गाणं. वामनदादांची रीत होती, शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफायचं. संतांपासून शाहिरांपर्यंत चालत आलेली ही नाममुद्रा. ज्याच्याकडे छापखाना नाही, वकील नाही, त्याची ती सही असते. चाल कुठूनही घ्या, शब्द कुणीही गा, शेवटच्या कडव्यापर्यंत आलात की कवीचं नाव तुमच्याच तोंडून निघणार. हजारो वर्षं ज्यांना नाव लावायचा अधिकार नव्हता, त्यांनी काढलेली ही तोड होती.

ती सही आज कोण कापतंय? परीक्षक नाही, कंपनी नाही. आपलंच मंडळ, आपलाच डीजेवाला, आपल्याच वर्गणीतून. बॅनरवर भावी नगरसेवकांचे तीस चेहरे असतात, ज्याच्या गाण्यावर रात्रभर नाचलो त्याचं नाव एका कोपऱ्यातही नसतं. 'हाऊंड डॉग'चं जे झालं तेच आपण आपल्या हातानं करतो आहोत. ठेका राहिला, राग गेला.

काही जण म्हणतील, "म्हणजे तुम्हीही डीजेबंदीवाल्यांच्या बाजूचे?" नाही. आवाजाचे नियम 2000 सालापासून आहेत, ते सगळ्यांच्या मिरवणुकांना सारखे लावा. आपल्याही वस्तीत म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं आहेत, त्यांचा विचार आपण स्वतःहून केला पाहिजे. पण फक्त 14 एप्रिलला ज्यांचे कान दुखतात, त्यांच्याशी आमचं काही देणंघेणं नाही. तंत्राला आमचा विरोध नाही. जलसा हे त्या काळचं तंत्र होतं. ऐंशीच्या दशकात कॅसेट आल्या आणि प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, मिलिंद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज खेड्यापाड्यांत, रिक्षात, हॉटेलात पोहोचले. आज छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात आणि मोबाईलमुळे घराघरांत ऐकल्या जातात. मुंबईत 'धम्म विंग्ज' गिटार-ड्रमवर बुद्ध-भीम गातो. चेन्नईत 'कास्टलेस कलेक्टिव्ह' गाना, रॉक आणि रॅप एकत्र करतो. उद्या आणखी काही येईल, यावंच. काही ज्येष्ठ कार्यकर्ते रॉकला 'धिंगाणा' म्हणून नाक मुरडतात. त्यांना नम्रपणे विचारतो, तुमच्या तरुणपणी कव्वालीच्या ढंगातली भीमगीतं आली, तेव्हा तुमचे वडील काय म्हणाले होते? 1972 साली आपण पँथर हे नावही काळ्या बांधवांकडूनच घेतलं ना? मग त्यांची गिटार घ्यायला लाज कसली?

एक दुसरा मुद्दाही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. हलगीचा. काही घरांत आजही हलगी नको म्हणतात. कारण ती जातीनं लादलेली होती, मेलेल्या जनावराच्या कातड्याशी आणि गावकीच्या सक्तीशी बांधलेली होती. बाबासाहेबांनी ती कामं सोडायला सांगितली आणि आपल्या आज्या-आजोबांनी उपाशी राहून ती सोडली. त्या नकाराचा मान राखलाच पाहिजे. आमचं म्हणणं एवढंच, की सक्तीनं वाजवणं आणि स्वतःच्या गाण्यासाठी, स्वतःच्या मंचावर, मोबदला ठरवून वाजवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नागराज मंजुळे आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांच्या 'सैराट'मधल्या 'झिंगाट'नं वरातीचा, गल्लीतला नाच पडद्यावर नेला. 2018 च्या 'धडक'साठी तेच गाणं हिंदीत गेलं. आणि आपल्या मंडळांनी तीच चाल उचलून त्यावर भीमाचे शब्द बसवले. गल्लीतला ठेका मुंबईला जाऊन पुन्हा गल्लीत आला. या वर्तुळात सगळ्यांनी कमावलं. गल्लीत वाजवणाऱ्याला काय मिळालं, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

मग करायचं काय?

त्या पाच पोरांनी यंदा स्पर्धेत भाग घेतला नाही. जयंतीच्या आदल्या रात्री बुधवार पेठेतल्या एका चौकात वंदनेनंतर ते उभे राहिले. गाणाऱ्यानं आधी सांगितलं, की शब्द वामनदादा कर्डकांचे, चाल अमुक सिनेमातली, संगीतकार अमुक, आणि हे मधलं गिटारचं आम्ही पाच जणांनी बसवलंय. मग पूर्ण गाणं म्हटलं, सगळी कडवी. तिसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतल्या एका आजीनं हात वर केला. "पोरा, ते असं नाही. आम्ही असं म्हणायचो," म्हणत तिनं एक ओळ वेगळी म्हटली. पुस्तकात ती ओळ नाही. आम्ही नंतर तपासलं. पोरांनी तिथल्या तिथं आजीची ओळ घेऊन कडवं पुन्हा म्हटलं आणि कोरस दुप्पट झाला. त्या रात्रीपासून ती ओळ त्यांच्या गाण्यात आहे, आणि ती कुणाची हे ते दर वेळी सांगतात.

पोरानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. आपलं स्वतःचं काय, तर ही रीत. मंडळांकडे आणि तरुण मित्रांकडे आमची मागणी चार गोष्टींची आहे.

एक, मिरवणुकीत निदान एक गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या नाममुद्रेपर्यंत पूर्ण वाजवा. डीजेवरच वाजवा, हरकत नाही.

दोन, बॅनरवर गीतकाराचं आणि गायकाचं नाव लिहा. नेत्यांचे दोन चेहरे कमी झाले तर आकाश कोसळत नाही.

तीन, वर्गणीतला एक हिस्सा जिवंत शाहीर, गायक, वादकांच्या मानधनासाठी आधीच बाजूला काढा. शाल-श्रीफळावर चूल पेटत नाही. आणि जी पोरं स्वतः गीतं लिहितात त्यांनी सही करण्याआधी करार वाचावा. 2012 च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण मिळालं आहे. एकरकमी पाच-दहा हजार घेऊन सगळं लिहून देऊ नका.

चार, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून गाणी उतरवून घ्या. वहीत लिहा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि गाणाऱ्याचं नाव, गाव, साल टाका. एकेक आजी जाते तेव्हा एकेक कडवं कायमचं जातं.

आणि परीक्षक महोदय, तुमच्यासाठी एकच. पुढच्या वर्षी आमची पोरं पुन्हा येतील. चाल उसनीच असेल, आणि कुणाची ते आम्ही आधी माईकवर सांगू. तुम्ही फक्त बक्षीस दिलेल्या गाण्याखाली विली डिक्सन यांचं नाव लिहून ठेवा.

जय भीम! जय संविधान!